उसण, पायाळू आणि पामरसाहेबांचा मणका

सहामाहीच्या पेपरांचा गठ्ठा उचलायला सर वाकतात आणि कमरेत एकदम कळ येते. उसण भरते. सरळ होता येत नाही, साधे खोकले तरी जीव जातो. मग शिक्षकांच्या खोलीत सल्ल्यांचा पाऊस पडतो. एक जण म्हणतो, गरम विटेने शेका. दुसरा म्हणतो, आठ दिवस पाठ टेकून पडून राहा, हलू नका. तिसरा गावाकडचा खात्रीचा उपाय सांगतो : पायाळू माणूस शोधा, त्याचा पाय पाठीला लावून घ्या, उसण पळालीच म्हणून समजा. पायाळू म्हणजे जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले तो.

गंमत अशी, की पायाळू माणसाचा पाय लावून घेणाऱ्या बहुतेकांची उसण खरोखरच जाते. कोणाची दोन दिवसांत, कोणाची आठ दिवसांत. "मला गुण आला" असे ते सांगतात तेव्हा ते खोटे बोलत नसतात. प्रश्न एवढाच उरतो, की पाय लावला नसता तर काय झाले असते?

प्रश्न साधा दिसतो, पण तो विचारायला आणि त्याचे नीट उत्तर काढायला माणसाला फार काळ लागला. पाठीच्या दुखण्याचा गेल्या सव्वाशे वर्षांचा इतिहास हा ह्याच प्रश्नाचा इतिहास आहे. त्यात पायाळूच्या जागी अमेरिकेतला एक बहुरंगी गृहस्थ आहे, मोठमोठ्या वैद्यकीय संस्था आहेत, न्यायालये आहेत आणि लंडनच्या दुमजली बसचे कंडक्टरही आहेत.

एक बहिरा माणूस आणि एक मणका

डॅनिएल डेव्हिड पामर ह्यांचा जन्म १८४५ सालचा, कॅनडातल्या टोरांटोजवळचा. १८६५ मध्ये ते अमेरिकेत आले. त्यांनी शाळेत शिकवले, मधमाश्या पाळल्या, किराणा मालाचे दुकान चालवले. पुढे ते 'चुंबकोपचार' करू लागले. रुग्णाच्या अंगावर हात ठेवून आपल्या शरीरातली चुंबकीय शक्ती त्याला द्यायची, अशी ही पद्धत. त्या काळी अमेरिकेत असे उपचार करणारे पुष्कळ होते. आयोवा राज्यातल्या डॅव्हनपोर्ट गावी पामर ह्यांचा चांगला जम बसला.

ज्या इमारतीत त्यांचे दालन होते तिथे हार्वे लिलार्ड नावाचा झाडलोट करणारा माणूस होता. त्याला जवळजवळ सतरा वर्षे नीट ऐकू येत नव्हते. पामर ह्यांनी नंतर लिहिल्याप्रमाणे, अवघडून वाकलेले असताना पाठीत काहीतरी 'सुटल्यासारखे' झाले आणि तेव्हापासून ऐकू येईनासे झाले, असे लिलार्डने त्यांना सांगितले. पामर ह्यांनी त्याची पाठ चाचपली. वरच्या भागातला एक मणका त्यांना जागेवरून सरकलेला वाटला. त्यांनी झटका देऊन तो 'जागेवर बसवला' आणि लिलार्डला पुन्हा ऐकू येऊ लागले! तारीख सांगतात १८ सप्टेंबर १८९५. ह्या उपचाराला एका धर्मोपदेशक मित्राच्या मदतीने ग्रीक नाव मिळाले : कायरोप्रॅक्टिक, म्हणजे हाताने केलेले काम.

लिलार्डच्या मुलीने मात्र पुढे वेगळीच हकीगत सांगितली. तिच्या म्हणण्याप्रमाणे तिचे वडील कोणाला तरी एक विनोद सांगत होते. तो ऐकून खूश झालेल्या पामर ह्यांनी हातातले पुस्तक त्यांच्या पाठीवर थापटले आणि काही दिवसांनी ऐकण्यात थोडा फरक जाणवला. नक्की काय घडले ते आज कोणालाच ठरवता येणार नाही. परंतु शरीररचनेचा एक मुद्दा पक्का आहे. ऐकण्याची चेता कानाच्या आतल्या भागातून निघते आणि कवटीच्या आतूनच मेंदूत जाते. पाठीच्या मणक्यांशी तिची गाठ पडत नाही.

पामर ह्यांनी त्यानंतर हृदयाच्या तक्रारीच्या एका रुग्णावर तोच प्रयोग केला. त्यालाही बरे वाटले. मग त्यांनी असा विचार केला, की बहिरेपण आणि हृदयविकार हे एवढे वेगळे आजार जर मणक्याने चेतेवर दाब दिल्यामुळे होत असतील, तर बाकीच्या आजारांचे कारणही तेच का नसावे? १९१० साली छापलेल्या आपल्या जाडजूड ग्रंथात त्यांनी लिहून टाकले, की शंभरातले ९५ आजार सरकलेल्या मणक्यांमुळे होतात आणि उरलेले इतर सांध्यांमुळे.

दोन रुग्णांवरून सगळ्या मानवजातीच्या आजारांचे निदान! पण हसण्यापूर्वी आपण थोडे थांबू या. "आमच्या वर्गातल्या दोन मुलांनी अमुक औषध घेतले आणि त्यांची स्मरणशक्ती वाढली" हे वाक्य आपण शाळेत किती वेळा ऐकतो आणि किती वेळा त्यावर विश्वास ठेवतो?

लोक पामर ह्यांच्याकडे का गेले?

एकोणिसाव्या शतकातली औषधे आठवली तर ह्याचे उत्तर मिळते. शिरा कापून रक्त काढणे आणि पाऱ्याचे क्षार पोटात देणे हे त्या शतकात कितीतरी काळ मान्यवर डॉक्टरांचे नेहमीचे उपाय होते. पाऱ्याने हिरड्या सुजत, दात पडत. अशा वेळी जो माणूस काही पाजत नाही, काही कापत नाही, आपले म्हणणे शांतपणे ऐकतो आणि दुखऱ्या जागी हात ठेवतो, त्याच्याकडे लोक जाणारच. पामर ह्यांच्या आधी १८७४ मध्ये अँड्र्यू टेलर स्टिल ह्या डॉक्टरने औषधांना कंटाळूनच ऑस्टिओपॅथी ही हाडे-सांधे हाताळण्याची पद्धत मांडली होती. मेंदुज्वराच्या साथीत आपली मुले दगावताना त्याने पाहिली होती आणि त्या वेळच्या औषधांचा काहीही उपयोग झाला नव्हता.

सांधे बसवणारे लोक तर सगळ्या देशांत होते. आपल्याकडे हाडवैद्य होते, इंग्लंडातही पिढीजात हाडे बसवणारे होते. पामर ह्यांनी ह्या जुन्या कौशल्याला एक सर्वव्यापी सिद्धान्त जोडला आणि १८९७ मध्ये शिकवण्यासाठी शाळा काढली. वैद्यकीचा परवाना नसताना उपचार केले म्हणून १९०६ साली त्यांना तुरुंगातही जावे लागले.

शाळेचा खरा विस्तार केला तो त्यांचा मुलगा बार्टलेट जोशुआ पामर ह्याने. जाहिरातीची कला त्याला उत्तम साधली होती. त्याच्या शाळेने १९१० मध्ये क्ष-किरण यंत्र आणले. पुढे त्याने रेडिओ केंद्रही चालवले. १९२४ मध्ये त्याने कण्याच्या दोन्ही बाजूंच्या तापमानातला फरक मोजणारे एक यंत्र काढले आणि ते न विकता मोठ्या रकमेला भाड्याने देण्याची योजना आखली. चेता कुठे दबली आहे ते म्हणे ह्या यंत्रावरून समजणार! त्यावरून त्याचे अनेक अनुयायीच त्याच्यावर उलटले.

क्ष-किरणांची गोष्ट विशेष आहे. लिलार्डची पाठ दाबली गेली त्यानंतर दोनच महिन्यांनी, ८ नोव्हेंबर १८९५ रोजी, जर्मनीत राँटगेन ह्यांना क्ष-किरणांचा शोध लागला. म्हणजे मणके सरकतात हा दावा आणि मणके डोळ्यांनी पाहण्याचे साधन एकाच वर्षी जन्मले. साधनामुळे दाव्याची परीक्षा व्हायला हवी होती. प्रत्यक्षात क्ष-किरण चित्र हे दाव्याच्या समर्थनासाठी भिंतीवर लावायची वस्तू झाले. उपकरण हाती आले म्हणजे वैज्ञानिक दृष्टी आपोआप येत नाही, ह्याचे हे चांगले उदाहरण आहे.

न्यायालयात

अमेरिकेतल्या एकेका राज्याने ह्या व्यवसायाला मान्यता दिली. कॅन्सस राज्याने १९१३ मध्ये कायदा केला. कॅलिफोर्नियात १९२२ साली लोकांनी मतदानाने तो करून घेतला. शेवटचे राज्य लुइझियाना, १९७४. मधल्या काळात शेकडो व्यावसायिक तुरुंगात गेले आणि लोकांच्या नजरेत हुतात्मे ठरले.

अमेरिकन मेडिकल असोसिएशन ह्या डॉक्टरांच्या संघटनेने १९६३ मध्ये भोंदूगिरीविरुद्ध एक समिती नेमली. कायरोप्रॅक्टिक संपवणे हा तिचा एक मुख्य हेतू होता. डॉक्टरांनी त्यांच्याकडे रुग्ण पाठवू नयेत, त्यांच्याबरोबर काम करू नये, असे दंडक होते. १९७६ मध्ये चेस्टर विल्क आणि इतर काही कायरोप्रॅक्टर न्यायालयात गेले. १९८७ मध्ये न्यायमूर्ती सुझन गेट्झेंडॅनर ह्यांनी निकाल दिला, की संघटनेने बेकायदा बहिष्कार घातला होता. १९९० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यात हात घालायला नकार दिला.

ह्या निकालाचा अर्थ पुष्कळांनी 'कायरोप्रॅक्टिक शास्त्रीय ठरले' असा लावला. तो चूक आहे. निकाल स्पर्धेच्या कायद्याखाली होता. दुसऱ्याचा धंदा संगनमताने बंद पाडू नये, एवढेच न्यायालयाने सांगितले. मणका सरकतो की नाही हे न्यायाधीश ठरवत नाहीत.

उलट बाजूने असाच धडा इंग्लंडात मिळाला. विज्ञानलेखक सायमन सिंग ह्यांनी २००८ साली एका लेखात लिहिले, की लहान बाळांचे पोट दुखणे, कान फुटणे, दमा ह्यांवर कण्याचे उपचार करण्याच्या दाव्यांना आधार नाही. ब्रिटिश कायरोप्रॅक्टिक असोसिएशनने त्यांच्यावर अब्रुनुकसानीचा दावा लावला. एप्रिल २०१० मध्ये अपील न्यायालयाने सिंग ह्यांच्या बाजूने मत दिले, तेव्हा असोसिएशनने दावा मागे घेतला. वैज्ञानिक वाद पुराव्याने लढावा, वकिलांनी नव्हे, ही भावना त्यातून बळावली. २०१३ मध्ये तिथला अब्रुनुकसानीचा कायदाही बदलण्यात आला.

मग पुरावा काय सांगतो?

पहिली परीक्षा सिद्धान्ताची. १९७३ मध्ये येल विद्यापीठातले शरीररचनाशास्त्रज्ञ एडमंड क्रेलिन ह्यांनी मृत व्यक्तींचे कणे घेऊन त्यांना वेगवेगळ्या दिशांनी पिळले, वाकवले आणि मणक्यांमधल्या छिद्रातून निघणाऱ्या चेतेवर दाब येतो का ते पाहिले. कणा मोडायची वेळ आली तरी छिद्राची कड चेतेला टेकली नाही. मणक्याच्या बारीकशा हालण्याने चेता चेंगरते हे म्हणणे त्यामुळे टिकत नाही. आतली चकती फाटून बाहेर आली की चेता दबू शकते हे खरे. १९३४ साली मिक्स्टर आणि बार ह्या डॉक्टरांनी ते दाखवून दिले होते. पण तो वेगळा आजार आहे, आणि सगळ्या आजारांचे मूळ तर तो नक्कीच नाही.

मणका 'बसवताना' कडकन आवाज येतो त्याचे काय? बोटे मोडताना येतो तसाच तो आवाज आहे. सांध्यातल्या द्रवात एकदम कमी दाब निर्माण होतो आणि त्यात विरघळलेला वायू मोकळा होऊन पोकळी तयार होते. कॅनडातल्या संशोधकांनी २०१५ मध्ये बोट मोडले जात असतानाच त्याचे चुंबकीय चित्रण करून हे दाखवले. आवाज येतो म्हणजे हाड जागेवर बसते असे नव्हे.

दुसरी परीक्षा उपचाराची. सिद्धान्त चुकीचा असूनही उपचार उपयोगी पडू शकतो, म्हणून ही परीक्षा स्वतंत्रपणे करावी लागते. कॅनडात दमा असलेल्या ९१ मुलांवर एक चाचणी झाली. १९९८ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सर्व मुलांची नेहमीची औषधे चालूच ठेवली होती. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे दोन गट पाडले. एका गटाला खरा कण्याचा उपचार दिला, तर दुसऱ्याला तसाच वाटणारा लटका उपचार. चार महिन्यांनी पाहिले तर दोन्ही गटांतल्या मुलांचा त्रास कमी झाला होता आणि दोन गटांत फरक नव्हता! लटका गट नसता तर काय निष्कर्ष निघाला असता, ह्याचा विचार करून पाहा. प्रत्येक आईबापाने मनापासून साक्ष दिली असती, की आमच्या मुलाला गुण आला.

त्याच वर्षी अमेरिकेत सिएटलला कंबरदुखीच्या ३२१ रुग्णांचे तीन गट केले गेले. एका गटाला कायरोप्रॅक्टिक, दुसऱ्याला विशिष्ट पद्धतीची भौतिकोपचार चिकित्सा, तिसऱ्याला फक्त एक माहितीपुस्तिका. पहिल्या दोन गटांना पुस्तिकेच्या गटापेक्षा किंचित अधिक आराम मिळाला, पण फरक जेमतेम होता. दोन वर्षांचा माणशी खर्च मात्र पाहा : पहिल्या दोन गटांत ४२९ आणि ४३७ डॉलर, पुस्तिकेच्या गटात १५३ डॉलर.

आजवरच्या अनेक चाचण्या एकत्र पाहिल्यावर निघणारे मत असे आहे, की जुनाट कंबरदुखीत हाताने कणा हाताळण्याचा उपयोग होतो, पण तो व्यायामासारख्या इतर मान्य उपायांइतकाच. दमा, कान, पोट ह्यांच्यासाठी त्याला आधार नाही. मानेला दिलेल्या जोरदार झटक्यानंतर रक्तवाहिनीचे अस्तर फाटून पक्षाघात झाल्याच्या घटना विरळा, पण नोंदलेल्या आहेत. अशी वाहिनी आधीच फाटायला लागलेली असते म्हणून मान दुखते आणि म्हणून माणूस उपचाराला जातो, असेही काही वेळा असू शकते. तरीही मानेच्या बाबतीत सावधगिरी हवी.

डॉक्टर तरी कुठे बरोबर होते?

इथपर्यंत वाचून 'भोंदू हरले, विज्ञान जिंकले' असे वाटेल. गोष्ट तेवढी सोपी नाही. पामर ह्यांना हसणारे डॉक्टर त्याच काळात पाठदुखीला काय सांगत होते? झोपून राहा. जॉन हिल्टन ह्या इंग्लिश शल्यविशारदाने विश्रांती आणि वेदना ह्या विषयावरची आपली व्याख्याने १८६३ मध्ये छापली आणि विश्रांती हे मोठे औषध मानले गेले. मोडलेल्या हाडाला ते लागू आहे. पण तेच सूत्र साध्या कंबरदुखीलाही लावले गेले. फळीवर पाठ टेकून एक आठवडा, दोन आठवडे, कधी त्याहूनही अधिक. ह्या सल्ल्याची परीक्षा जवळजवळ कोणीच घेतली नव्हती.

१९८६ मध्ये रिचर्ड डेयो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती घेतली. २०३ रुग्णांपैकी काहींना दोन दिवस आणि काहींना सात दिवस पडून राहायला सांगितले. दोन दिवसांच्या गटाचे कामाचे दिवस ४५ टक्क्यांनी कमी बुडाले आणि दुखण्यात काही फरक पडला नाही. १९९५ साली फिनलंडमध्ये हेलसिंकी शहराच्या कर्मचाऱ्यांवर चाचणी झाली. एक गट दोन दिवस अंथरुणात, दुसरा पाठीच्या खास व्यायामात, तिसऱ्याने जमेल तसे रोजचे व्यवहार चालू ठेवायचे. सर्वांत लवकर बरा झाला तो तिसरा गट! म्हणजे कित्येक दशके पदवीधर डॉक्टरांनी प्रामाणिकपणे दिलेला सल्ला माणसांना अधिक दिवस आजारी ठेवत होता.

चित्रणाचेही तसेच. पाठ दुखते म्हणून चुंबकीय चित्रण करायचे आणि चकती फुगलेली दिसली की तेच कारण मानायचे, अशी रीत पडली होती. १९९४ मध्ये पाठ न दुखणाऱ्या ९८ माणसांची चित्रे काढून पाहिली. निम्म्याहून जास्त जणांच्या, म्हणजे ५२ टक्क्यांच्या, निदान एका चकतीला फुगवटा होता. सर्व चकत्या निर्दोष फक्त ३६ टक्क्यांच्या होत्या. जे न दुखणाऱ्यांतही दिसते ते दुखण्याचे कारण आहे असे एकदम कसे म्हणता येईल?

फरक आहे तो इथे : डॉक्टरांची चूक डॉक्टरांनीच मोजून दाखवली आणि पाठ्यपुस्तके बदलली. कायरोप्रॅक्टिकमध्येही जो वर्ग अशा चाचण्यांत सहभागी झाला त्याने जुना सर्वव्यापी दावा सोडून कंबर आणि मान एवढ्यापुरते काम मर्यादित केले. दुसरा वर्ग आजही १८९५ च्या मणक्याला धरून आहे.

बसचा जिना

रोजच्या सवयींचा आरोग्याशी काय संबंध आहे, ह्याचा एक अतिशय सुंदर अभ्यास पाठीचा नाही, हृदयाचा आहे. मुंबईत दुमजली बसच्या जिन्यावरून तिकिटे फाडत वर-खाली करणारा कंडक्टर ज्यांनी पाहिला आहे त्यांना तो लगेच समजेल.

दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडात हृदयविकार वाढत होता. जेरी मॉरिस ह्या डॉक्टरांना शंका आली, की कामाच्या स्वरूपाशी त्याचा संबंध असावा. त्यांनी लंडनच्या वाहतूक सेवेतल्या सुमारे ३१ हजार पुरुषांच्या नोंदी तपासल्या. ड्रायव्हर आणि कंडक्टर एकाच बसवर, साधारण एकाच आर्थिक थरातले. ड्रायव्हर पाळीचा ९० टक्के वेळ बसून असे. कंडक्टर मात्र दिवसाला ५०० ते ७५० पायऱ्या चढे. १९५३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. कंडक्टरांमध्ये हृदयविकार कमी होता, आणि पहिल्याच झटक्यात जीव जाण्याचे प्रमाण ड्रायव्हरांत अधिक होते. टपालखात्यात पाहिले तर पत्रे वाटत हिंडणारे पोस्टमन खुर्चीवरच्या कारकुनांपेक्षा सुरक्षित निघाले.

पण मॉरिस ह्यांनी स्वतःलाच पुढचा प्रश्न विचारला. जिन्यामुळे कंडक्टर निरोगी राहिला, की मुळात सडपातळ माणसेच कंडक्टर झाली? उत्तर त्यांनी शोधले ते गणवेशांच्या नोंदींत! वाहतूक सेवेकडे प्रत्येकाच्या विजारीचे कमरेचे माप होते. १९५६ मध्ये त्यांनी दाखवले, की ड्रायव्हरांची कंबर मुळातच मोठी होती, अगदी तरुण वयातही. म्हणजे आपल्याच निष्कर्षाला त्यांनी भोक पाडले. मग पुढे वेगवेगळ्या व्यवसायांत, नोकरीबाहेरच्या व्यायामावर त्यांनी वर्षानुवर्षे अभ्यास केले आणि शारीरिक हालचालीचा फायदा खरा असल्याचे पक्के झाले. स्वतः मॉरिस भरपूर चालत, पोहत. २००९ मध्ये ते वारले तेव्हा वयाची ९९ वर्षे ओलांडलेले होते. अर्थात एका माणसाच्या आयुष्यावरून निष्कर्ष काढायचा नसतो, हे सर्वांत आधी त्यांनीच सांगितले असते.

मनावरचा ताण आणि पाठीवरचा

'ताण' हा शब्द आपण आज सहज वापरतो. तो मुळात पदार्थविज्ञानातला. माँट्रियलमध्ये काम करणाऱ्या हान्स सेल्ये ह्यांनी १९३६ मध्ये एक छोटे टिपण छापले. उंदरांना थंडी, जखम, अतिश्रम, विषारी द्रव्य असे कोणतेही संकट दिले तरी त्यांच्या शरीरात तेच बदल होतात : अधिवृक्क ग्रंथी मोठ्या होतात, थायमस आक्रसते, जठराला व्रण पडतात. पुढे ह्या प्रतिसादालाच ताण हे नाव मिळाले.

पाठदुखीशी त्याचे नाते दाखवणारा एक अभ्यास अमेरिकेतल्या बोइंग ह्या विमान कंपनीत झाला. ३,०२० कामगारांची आधी तपासणी केली : स्नायूंची ताकद, लवचिकपणा, कामाचे स्वरूप, मनःस्थिती. मग पुढे कोणाची पाठ दुखावते ते काही वर्षे पाहिले. १९९१ च्या अहवालाप्रमाणे शारीरिक मोजमापांवरून फारसे काही सांगता आले नाही. पूर्वी पाठ दुखली होती का, हे महत्त्वाचे ठरले. आणि दुसरी गोष्ट : कामात जवळजवळ कधीच आनंद वाटत नाही असे सांगणाऱ्यांनी, नेहमी आनंद वाटतो असे सांगणाऱ्यांच्या अडीच पट प्रमाणात पाठ दुखावल्याची तक्रार नोंदवली. ह्याचा अर्थ दुखणे खोटे, असा नाही. वेदना मेंदूत जाणवते, आणि भीती, अपुरी झोप, नावडते काम ह्यांनी ती तीव्र होते.

म्हणजे पामर ह्यांच्या दालनात लोकांना बरे का वाटे, ह्याचाही थोडा उलगडा होतो. कोणीतरी वेळ देऊन ऐकणे, घाबरू नका म्हणून सांगणे आणि धीराचा स्पर्श ह्या गोष्टी निरुपयोगी नाहीत. त्यांच्यासाठी सरकलेल्या मणक्याची कथा मात्र लागत नाही.

आज काय सांगावे?

२०२० साली जगात सुमारे ६२ कोटी लोकांना कंबरदुखी होती. डिसेंबर २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जुनाट कंबरदुखीसाठी मार्गदर्शन प्रसिद्ध केले. त्यात व्यायाम, नीट माहिती देणे, मानसोपचाराच्या काही पद्धती, मालिश आणि कणा हाताळणे हे पर्याय आहेत. कमरेचे पट्टे, वजने लावून ताण देणे आणि अफूजन्य वेदनाशामके नेहमीसाठी वापरू नयेत, असे सांगितले आहे.

शिक्षकाच्या दृष्टीने थोडक्यात असे. साधी उसण बहुधा काही दिवसांत ते काही आठवड्यांत आपोआप बरी होते. जमेल तेवढे हिंडत-फिरत राहावे. रोज चालावे, पुरेसे झोपावे. आवडेल तो व्यायाम करावा. सूर्यनमस्कार, पोहणे, सायकल ह्यांपैकी काहीही चालेल, कारण नियमितपणा महत्त्वाचा. परंतु लघवी-शौचावरचा ताबा गेला, मांड्यांच्या आतल्या बाजूला बधिरता आली, पायातली शक्ती कमी झाली, ताप किंवा कारणाशिवाय वजन घटू लागले, किंवा पडल्यानंतर दुखणे सुरू झाले, तर हाडवैद्य नाही, पायाळू नाही, थेट रुग्णालय गाठावे.

आणि "ताठ बस!" ह्या आपल्या आवडत्या हुकमाचे काय? स्वीडनचे आल्फ नाखेमसन ह्यांनी १९६०-७० च्या दशकांत चकतीत सुई घालून दाब मोजले. बसल्यावर दाब उभे राहण्यापेक्षा जास्त असतो, असे त्यांना आढळले. १९९९ मध्ये जर्मनीतल्या नव्या मोजमापात आरामात बसलेल्या स्वयंसेवकाचा दाब तेवढा निघाला नाही. कोणती तरी एकच बैठक बरोबर आणि बाकीच्या चूक, असे म्हणायला आधार नाही. मुलाला एकाच स्थितीत, ताठ असो वा वाकडे, तासन्‌तास बसवणे हीच मोठी चूक आहे. तास संपल्यावर दोन मिनिटे उभे करून हातपाय ताणायला लावले तर शिस्त मोडत नाही.

दप्तराचेही तसेच. २०२० च्या राष्ट्रीय धोरणाप्रमाणे दप्तर मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांपेक्षा जड नसावे. हे योग्यच आहे. मात्र २०१८ मध्ये उपलब्ध अभ्यास एकत्र तपासले तेव्हा दप्तराच्या वजनाने पाठदुखी होते ह्याचा खात्रीलायक पुरावा मिळाला नाही. दप्तर हलके करावे ते मूल दमू नये म्हणून. त्यासाठी मोडलेल्या कण्याची भीती घालायची गरज नाही.

वर्गात करून पाहा

पहिला प्रयोग : सकाळी उठल्याबरोबर आणि रात्री झोपण्यापूर्वी, अनवाणी, भिंतीला टेकून मुलांनी आपापली उंची मोजावी. रात्री ती साधारण एक सेंटिमीटरने, काहींची त्याहून जास्त, कमी भरेल. मणक्यांमधल्या चकत्या दिवसभराच्या भाराने पाणी सोडतात आणि झोपेत ते परत घेतात. प्रत्येक माप तीनदा घेऊन सरासरी काढायला सांगा. मोजण्यातली चूक एक सेंटिमीटरपेक्षा मोठी निघाली तर? मुलांनाच ठरवू द्या.

दुसरा प्रयोग : एक बोट मोडा आणि तेच पुन्हा किती मिनिटांनी मोडता येते ते घड्याळावर पाहा. वर्गाचे आकडे फळ्यावर लिहा. मध्ये थांबावे का लागते, ह्याचे उत्तर सांध्यातल्या वायूत आहे.

तिसरा प्रयोग कागदावरचा. गावात पायाळू माणसाने उसण जाते असे मानतात. हे खरे की खोटे ते ठरवायला काय करावे लागेल, ते मुलांना लिहायला सांगा. किती रुग्ण हवेत? गट कसे पाडावेत? पाय लावणारा पायाळू आहे की साधा, हे रुग्णाला कळता कामा नये, मग ते कसे साधावे? बरे झाले हे कोणी ठरवायचे? पामर ह्यांना हे प्रश्न सुचले नाहीत आणि त्यांच्यावर टीका करणाऱ्या डॉक्टरांनाही पुढची कित्येक वर्षे सुचले नव्हते. आठवी-नववीच्या मुलांना ते चाळीस मिनिटांच्या एका तासात सुचतात, असा अनुभव तुम्हांला येईल.